शेकोटीची रिकामी बाजू

धाराशिवला मराठी शिकवत असतानाची गोष्ट. भूम तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याने महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी कथा दिली होती. पौषातली रात्र, पत्र्याचे घर, गोधडीत एकटी आजी आणि बाहेर गारठा, एवढाच तिचा ऐवज. मी समासात लाल शाईने लिहिले : ‘थंडी उसनी वाटते.’ कथा छापली गेली नाही. ती वही मात्र माझ्याकडेच राहिली, आणि तो शेराही.

शेऱ्यामागे माझा म्हणून एक विचार होता. कथेतली एकाकी थंडी आपल्याकडे बर्फाच्या मुलखातून आली, अशी माझी समजूत होती. गोगोलच्या ‘ओव्हरकोट’मध्ये (१८४२) पीटर्सबर्गच्या हिवाळ्यात एका गरीब कारकुनाचा नवा कोट हिसकावला जातो आणि त्याची दाद कोणी घेत नाही. चेखॉव्हच्या १८८६च्या एका कथेत मुलगा गमावलेला गाडीवान हिमवर्षावात बसून प्रत्येक गिऱ्हाइकाला आपले दुःख सांगू पाहतो. ऐकते ती शेवटी फक्त त्याची घोडी. तिथे बाहेरची थंडी आणि माणसांचा कोरडेपणा एकच होऊन जातात.

आपली भाषा मात्र वेगळे सांगते. आपला जीव गार होतो तो सुखाने. लेकराला पाहून डोळे निवतात. दुःख पोळते, होरपळते, काळीज जाळते. संतांनी संसारातल्या दुःखाला ‘त्रिविध ताप’ म्हटले. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांत विरहिणीला गारवा देणाऱ्या वस्तूच पोळू लागतात. एकटेपणाची आपली जुनी प्रतिमा थंडीची नसून दाहाची आहे.

आधुनिक कथा-कादंबरीतही मला हेच दिसत होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) वाडी ओस पडते ती दुष्काळाने. मेंढरे घेऊन माणसे जगायला बाहेर पडतात आणि तरुण मास्तर रिकाम्या घरांकडे पाहत राहतो. आमच्या कळंब भागातले भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’मध्ये टोमॅटोचा भाव कोसळतो आणि बाप भरल्या बाजारात आपलाच माल पायाखाली तुडवतो. चहूकडे माणसे असतात, तरी तो एकटा असतो. त्यासाठी लेखकाला थंडीची गरज पडली नाही.

उलट आमच्याकडे थंडी म्हणजे गोतावळा. मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवशीला, धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत गावेच्या गावे शिवारात जातात. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा होते. आंबील, भज्जी आणि बाजरीचे उंडे असे जेवण असते. स्वतःचे शेत नसलेल्यालाही आग्रहाने बोलावून नेतात. पुढे हुरडा येतो, आगटी पेटते. ज्या ऋतूत एवढी माणसे जमतात, तो एकाकीपणाचे प्रतीक कसा होईल, असे मला वाटे.

पण एक कथा या मांडणीत बसेना. प्रेमचंदांच्या ‘पूस की रात’मध्ये (१९३०) हल्कू घोंगडीसाठी जमवलेले तीन रुपये कर्जापायी देऊन टाकतो आणि पौषातल्या रात्री जबरा नावाच्या कुत्र्याला कुशीत घेऊन शेत राखतो. इथे बर्फ नाही, परदेश नाही. घोंगडीची किंमत आहे आणि ती कोणाच्या हातात गेली याचा हिशेब आहे. ही थंडी आकाशातून पडलेली नाही. ती कर्जातून आली आहे. आमच्याकडे आजही रब्बीला रात्रपाळीची वीज आली की एखादा माणूस बॅटरी घेऊन एकटाच दारे धरायला निघतो. त्याची थंडीही हल्कूच्या थंडीच्या जवळची आहे.

मग मी भूमच्या त्या वहीकडे परत गेलो. बालाघाटाच्या या पट्ट्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या आसऱ्याने कोप्या उभ्या राहतात. गावात म्हातारी माणसे आणि काही लेकरे मागे उरतात. हंगाम सरेपर्यंत, म्हणजे सगळी थंडी, ती एकटी काढतात. जो ऋतू जमण्याचा, तोच या घरांसाठी पांगण्याचा झाला आहे.

रशियन कथेत थंडी आधीपासून असते आणि माणूस तिच्यात एकटा सापडतो. आमच्याकडे आधी माणसे जातात, मग थंडी जाणवू लागते. म्हणून आमच्या कथेत एकाकी थंडी आली, तर ती उसनी असेलच असे नाही. थर्मामीटरचा पारा किती उतरला हे तिथे गौण असते. शेकोटीभोवती कोण बसले आहे आणि कोणाची जागा रिकामी आहे, हे पाहावे लागते.

वहीतल्या आजीजवळ सरपण होते. भिंतीला लावून ठेवलेली तुराट्यांची पेंढी मुलाने नीट नोंदवली होती. शेजारीण विचारते, शेकोटी का केली नाहीस? आजी म्हणते, “एकलीसाठी कुठं जाळ करू?” पहिल्या वाचनात हे वाक्य माझ्या नजरेतून निसटले होते. मुलाचे आईबाप त्या हिवाळ्यात कोयत्यावर होते, हेही मला फार उशिरा कळले.

त्याच्या थंडीत उसने काही नव्हते. तो शेरा मी मागे घेतो.