फॅन्सी फार्मचा मेळा : केंटकीच्या आद्य कॅथलिक वसाहतकारांचा वारसा

अमेरिकेतील केंटकी राज्याच्या पश्चिम टोकाला, ग्रेव्हज काउंटीमध्ये, फॅन्सी फार्म नावाचे एक लहानसे खेडे आहे. ओवेन्सबरो धर्मप्रांतातील संत जेरोम धर्मग्राम हे या खेड्याचे हृदय होय. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी येथे भरणाऱ्या मेळ्याला तेथील लोक ‘पिकनिक’ म्हणतात. परंतु आपण जिला सहल म्हणतो तिच्याशी त्याचे फारसे साम्य नाही. पूर्वजांनी वसविलेल्या गावी वंशजांनी दूरदूरहून परत यावे, एका पंक्तीला जेवावे आणि धर्मग्रामाच्या कार्यासाठी निधी उभा करावा, असा हा दिवस. 1880 हे त्याचे आरंभवर्ष मानले जाते.

या पूर्वजांचे मूळ मेरिलँडमध्ये आहे. 1634 साली कॅथलिकांना आश्रय देणारी वसाहत म्हणून मेरिलँडची स्थापना झाली. पण पुढे त्याच भूमीत 1704 मध्ये त्यांच्या सार्वजनिक उपासनेवर बंदी आली आणि 1718 मध्ये मतदानाचा हक्कही गेला. स्वातंत्र्यानंतर ही बंधने सुटली, तोवर तंबाखूच्या पिकाने जमिनी मात्र निकस झाल्या होत्या. तेव्हा काही कॅथलिक कुटुंबांनी पश्चिमेकडे जाण्याचे ठरविले आणि सर्वांनी एकाच ठिकाणी वस्ती करावी, असा आपसांत करार केला. विखुरलेल्या घरांसाठी धर्मगुरू कोण पाठविणार, हा त्यांचा साधा, व्यवहारी हिशेब होता. 1785 साली बेझिल हेडन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 25 कुटुंबे केंटकीतील पॉटिंजर्स क्रीक येथे पोहोचली. 1793 मध्ये फादर स्टीफन बॅडिन तेथे आले. अमेरिकेच्या भूमीवर गुरुदीक्षा मिळालेले ते पहिले धर्मगुरू. 1808 मध्ये न्यूयॉर्क, बॉस्टन आणि फिलाडेल्फिया यांच्याबरोबरच रानातल्या बार्ड्सटाउनलाही धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. एकत्र राहण्याचा हिशेब चुकला नाही!

याच कुटुंबांतील पुढच्या पिढ्या आणखी पश्चिमेला सरकल्या व फॅन्सी फार्मला स्थिरावल्या. फादर एलायशा डर्बिन यांच्याकडे 1824 पासून पश्चिम केंटकीची जबाबदारी होती. घोड्यावर बसून वस्तीवस्तीला मिस्सा अर्पण करीत फिरणारे हे धर्मगुरू ‘केंटकीचे कुलपिता’ म्हणून ओळखले गेले. 1836 साली गावात संत जेरोमच्या नावाने साधे लाकडी चर्च उभे राहिले.

पूर्वजांचा गौरव करताना दोन गोष्टी वगळणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. हा प्रदेश 1818 साली चिकसॉ या मूळ रहिवाशांकडून करार करून घेण्यात आला होता. ‘आद्य’ हा शब्द म्हणूनच जपून वापरावा लागतो. आणि मेरिलँडहून निघालेल्या कॅथलिकांबरोबर त्यांचे गुलामही आले होते. केंटकीतील एका कॅथलिक घरात गुलामगिरीत जन्मलेल्या मार्था जेन चिझली यांना पुढे मिझुरीला नेण्यात आले. त्यांचे पुत्र फादर ऑगस्टस टॉल्टन 1886 मध्ये रोम येथे धर्मगुरू झाले. अमेरिकेतील एकाही गुरुविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला नव्हता. 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली.

आता मेळ्याकडे वळू. तयारी आदल्या दिवसापासूनच सुरू होते. लांबलचक भट्ट्यांमध्ये हिकरीच्या लाकडाचे निखारे फुलवून त्यांवर मेंढीचे व डुकराचे मांस रात्रभर मंद आचेवर भाजतात. मेंढीचे मांस ही पश्चिम केंटकीची खासियत; अमेरिकेत अन्यत्र ते अशा प्रसंगी क्वचितच दिसते. 1982 सालच्या मेळ्यात सुमारे 15,000 पौंड, म्हणजे 6,800 किलो मांस खपले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. मुलांचे खेळ असतात, आणि आपल्या सणावाराची हाऊजी तेथे ‘बिंगो’ या नावाने तितक्याच तन्मयतेने खेळली जाते.

बाहेरच्या जगाला हा मेळा ठाऊक आहे तो राजकीय भाषणांमुळे. 1931 साली ‘हॅपी’ चँडलर हे राज्याच्या उपराज्यपालपदाचे उमेदवार असताना येथे बोलले, आणि तेव्हापासून राज्यस्तरीय उमेदवारांना हे व्यासपीठ टाळता येईनासे झाले. समर्थक घोषणा देतात, विरोधक हुर्यो उडवितात. धर्मग्रामाच्या अंगणात हे सारे शोभते का, असा प्रश्न आपल्याकडील एखाद्या फादरांना नक्की पडेल! 2020 साली कोविडच्या साथीमुळे भाषणे रद्द करावी लागली होती. एरवी दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत कोण काय बोलले ते सविस्तर छापून येते. रात्रभर भट्टीपाशी जागलेल्या धर्मग्रामस्थांना मात्र त्यात फारशी जागा मिळत नाही.