ढोल फाटतो कुठे? कोयनेच्या नोंदीतून एक धडा

चिपळूण तालुक्यातलं अलोरे म्हणजे कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचं गाव. शिमग्यात कोकणात गावोगावी पालखी नाचते, ढोल-ताशे घुमतात आणि हल्ली कुणीतरी ते चांगल्या कंडेन्सर माइकवर रेकॉर्डही करतं. नंतर ऐकावं तर ढोलाच्या जागी नुसती खरखर. व्हॉल्यूम कमी केला तरी ती जात नाही. महागडा, संवेदनशील माइक असून असं का होतं? उत्तर भूकंपशास्त्राच्या इतिहासातही सापडतं.

संवेदनशील भूकंपमापक लांबचे बारीक धक्के टिपतो. पण मोठा भूकंप जवळच झाला, तर त्याची रेघ कागदाबाहेर जाते. धक्का नेमका केवढा होता, ही माहिती मग कायमची हरवते. म्हणून अभियंत्यांनी मुद्दाम कमी संवेदनशील यंत्र बनवलं: अ‍ॅक्सेलरोग्राफ. 1933 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच भूकंपात अशा यंत्रांनी जवळच्या जोरदार हादऱ्याची पहिली नोंद केली. कोयना धरणाच्या गॅलरीतही असंच एक यंत्र होतं. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे भूकंप झाला, धरणाला तडे गेले, पण नोंद शाबूत राहिली. गुरुत्वत्वरणाच्या सुमारे 0.63 पट! काँक्रीट धरणांच्या अभ्यासात ती आजही जगभर वापरतात.

ध्वनिमुद्रणाचा प्रवासही असाच झाला. 1902 मध्ये फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात रेकॉर्डिंग केलं तेव्हा अ‍ॅम्प्लिफायर नव्हताच. वरचा सूर लावताना गायकाने भोंग्यापासून मागे सरायचं. 1925 पासून विजेवरचं मुद्रण आलं आणि अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादाही आली. 1960 च्या न्यूमन यू 67 या माइकमध्ये तर सिग्नल आतच कमी करणारं पॅडचं बटण होतं.

आता थोडं गणित. समजा, माइक 94 डेसिबलला 10 मिलिव्होल्ट देतो. ढोलाजवळ 124 डेसिबल धरले, तर 30 डेसिबल जास्त म्हणजे सुमारे 32 पट: 0.32 व्होल्ट. प्रीअँपचा गेन 40 डेसिबल, म्हणजे 100 पट ठेवला, तर बाहेर 32 व्होल्ट यायला हवेत. प्रीअँप जेमतेम 10 व्होल्ट देऊ शकत असेल, तर लाटेचा माथा छाटला जातो. फेडर त्याच्या पुढे असतो. तो छाटलेली लाटच लहान करतो.

म्हणून आधी गेन उतरवा. तेवढ्याने भागत नसेल तर 20 डेसिबलचा पॅड लावा. सिग्नल एक दशांश होतो. माइकच्या आतलंच सर्किट फाटत असेल, तर मात्र माइकवरचा पॅड लावा किंवा माइक लांब न्या. मोकळ्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. नाहीतर साधा डायनॅमिक माइक घ्या. लेव्हल ठरवताना सगळ्यात जोराची थाप ऐका आणि वर 10-12 डेसिबल मोकळे ठेवा. छाटला गेलेला माथा नंतर कुठलंच सॉफ्टवेअर जसाच्या तसा परत देत नाही, आणि ती पालखी पुन्हा वर्षभराने.