दगडावरची शिवी आणि कागदावरची टिंबे

या भाषणाचं निमंत्रण घेऊन आलेल्या स्नेह्यांनी विषय सांगितला 'शिवी', आणि चहाचा पहिला घोट घेण्याच्या आत अट घातली, "मात्र भाषणात शिवी येता कामा नये." मला मौज वाटली. लोणच्यावर बोला, पण मिठाचं नाव काढू नका, त्यातलाच हा प्रकार. असो. भाषणात ती अट मी पाळली, आणि आता तेच भाषण छापील रूपाने आपल्या हाती येत असताना पुन्हा पाळतो आहे. पण वाचकहो, ही अट आली कोठून? 'आमच्या वेळी माणसं सभ्य बोलत, हल्लीच तोंडं सुटली' असं घरोघरची वडीलधारी मंडळी सांगत असतात. मी पडलो इतिहासाचा मास्तर. माझ्या शास्त्रातला पुरावा या मंडळींना फारसा अनुकूल नाही.

तो पुरावा दगडाचा आहे. कोकणात, देशावर आणि थेट गोव्यापर्यंत देवळाच्या आवारात, शेताच्या बांधावर एक विशिष्ट प्रकारचा उभा दगड आढळतो. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य, मधे कधी लेख कोरलेला, कधी कोरी जागा, आणि खाली एक चित्र. त्या चित्रात एक स्त्री आहे आणि एक गाढव आहे. यापलीकडे वर्णन करायचं नाही, असं आमचं ठरलेलंच आहे. या दगडाला नाव 'गधेगाळ'. 'गाळ' किंवा 'गाळी' म्हणजे जुन्या मराठीत शिवी. तेव्हा गधेगाळ म्हणजे गाढवाची शिवी. कोण्या टवाळानं रात्री येऊन कोरलेली ही गोष्ट नव्हे बरं का! ही राजाज्ञा आहे. राजानं किंवा त्याच्या अधिकाऱ्यानं देवळाला, ब्राह्मणाला, गावाला जमीन दान दिली, त्या दानाचा हा दस्तऐवज. आज खरेदीखताखाली सही-शिक्का असतो, तसा त्या काळी दानपत्राखाली ही शिवी असे. जो कोणी हे दान मोडील त्याच्या आईला उद्देशून ती असे.

चंद्रसूर्य का, तर ते आकाशात आहेत तोवर दान चालावं म्हणून. शिवी का, तर चंद्रसूर्यांना न जुमानणारी माणसं गावात असतात म्हणून.

मुंबईतल्या परळचा शिलालेख याचा उत्तम नमुना आहे. शिलाहार राजा अपरादित्य याचा हा लेख शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा. लेखाची भाषा संस्कृत. राजाची बिरुदं, दानाचा तपशील, सारं संस्कृतात, भारदस्त. आणि शेवटी शाप द्यायची वेळ आली तेव्हा लेखकानं संस्कृत बाजूला ठेवलं आणि तो सरळ मराठीत उतरला. वास्तविक संस्कृतात शापांचा तुटवडा नव्हता. दान दिलेली जमीन हिरावून घेणारा साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होतो, अशा अर्थाचा श्लोक देशभरच्या ताम्रपटांत सापडतो. पण तो शाप पुढच्या जन्माचा. जमीन लाटणाऱ्या गावगुंडाला पुढच्या जन्माची एवढी घाई कशी असणार? त्याला लागायला हवं ते आज, चारचौघांत, त्याच्या भाषेत. आणि ज्याला तेही वाचता येत नाही त्याच्यासाठी खाली चित्र. मराठी भाषेच्या अगदी जुन्या लिखित नमुन्यांची यादी करताना आपण अभिमानानं या शिलालेखांची नावं घेतो. त्यांतल्या कित्येक ओळी शिव्यांच्या आहेत, हे मात्र हळूच सांगतो.

ही रीत एका राजवटीबरोबर संपली नाही. अलिबागेजवळच्या नागाव येथील शके १२८९ चा, म्हणजे १३६७ सालचा लेख पाहावा. त्यात शकाबरोबर हिजरी सनही आहे, आणि शेवटी तीच गाढवाची शिवी आहे. कालगणना बदलली, शिवी बदलली नाही.

पंधरा-सोळा वर्षं मी हा भाग वर्गात शिकवतो आहे. खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी तो शिकवत नव्हतो, टाळत होतो. 'शेवटी शापवचन आहे' एवढं म्हणायचं आणि फळा पुसायला वळायचं. एकदा मुलांना घेऊन प्रत्यक्ष असा एक दगड पाहायला गेलो. तिथे पुसायला फळा नव्हता. मुलगे एकमेकांना कोपरानं ढोसत होते. पुढे उभी असलेली एक मुलगी दगडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, जमीन बळकावणार तो. मग शिक्षा हिला का?"

माझ्याजवळ पुस्तकी उत्तर होतं, ते मी दिलं. काही अभ्यासक म्हणतात, ही स्त्री म्हणजे भूमी. जमीन उजाड करण्याची खूण म्हणून तीवर गाढवाचा नांगर फिरवीत. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुण्याच्या भूमीवर असाच नांगर फिरवल्याचं सांगतात. तेव्हा, जो दान मोडील त्याची भूमी वांझ होवो, असा या चित्राचा मूळ अर्थ. मुलीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण सर, लेखात तर आई असंच लिहिलंय ना?"

लिहिलंय खरं. भूमीचा अर्थ कदाचित बरोबरही असेल, पण चावडीवर ऐकणाऱ्याला भूमी दिसत नव्हती, आई दिसत होती. पुरुषाला दुखवायचं असेल तर त्याच्या घरातल्या बाईवर बोलायचं, ही युक्ती आपल्या बहुतेक शिव्यांत आहे, आणि इथे तिच्यावर सरकारी मोहोर उमटली आहे. त्या दिवसापासून मी फळा पुसायला वळत नाही.

पुढे मराठी कागदपत्रांत याहून सौम्य रीत दिसते. सतराव्या शतकातल्या कौलनाम्यांतून, महजरांतून शेवटी आण घातलेली असते: मोडणारा हिंदू असेल तर त्याला गाईची, मुसलमान असेल तर डुकराची. इथे आईची सुटका झाली, आणि ज्यानं मोडलं त्याचाच धर्म त्याच्या आड उभा केला.

आता दगड सोडून माणसांत येऊ. कारण शिवीला जशी सरकारी जागा होती तशी सणावारीही होती. शिमग्याचं आपण सगळेच जाणतो. 'शिमगा करणे' हा वाक्प्रचारच झाला. लग्नात विहिणीला गाण्यांतून जे ऐकवीत त्यातलं निम्मं आज छापता येणार नाही. पण मला सर्वांत विलक्षण वाटतो तो सातारा जिल्ह्यातला 'बोरीचा बार'. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी दोन गावं आहेत, मधे ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करकरून समोरच्या काठाला शिव्या घालतात. वाद्यं वाजत असतात, पाऊस असतो, चिखल असतो, बघायला पंचक्रोशी लोटलेली असते. उत्साहाच्या भरात कोणी ओढा ओलांडू नये म्हणून पोलीसही हजर असतात. ही प्रथा कशी पडली याच्या कथा निरनिराळ्या सांगतात. त्यांत मी शिरत नाही. बार संपला की बायका पदर सावरून घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. मनात कोणी काही धरत नाही.

आता पाहा, एरवी या बायकांच्या वाट्याला शिवी येते ती ऐकून घेण्यासाठी. नवरा देतो, सासू देते, बांधावरचा भाऊबंद देतो. त्यांनी स्वतः द्यायच्या त्या 'मेल्या' आणि 'मुडद्या' एवढ्याच, त्याही बहुतेक पोरांना आणि कोंबड्यांना. वर्षातला एक दिवस आणि एक ओढा एवढीच त्यांची मोकळीक. पण त्या दिवशी ती बोलते आणि गडीमाणसं ऐकतात. शहरातले लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही.

मग टिंबं कधी आली? ती आली छापखान्याबरोबर. पहिल्या पिढीतल्या कोशकारांना त्यांची गरज वाटली नव्हती. मोल्सवर्थसाहेबाच्या १८३१ च्या कोशात मराठीतले निंदाव्यंजक शब्द अर्थासकट नोंदले आहेत. साहेबाला मराठी समजून घ्यायची होती, तीत लाजण्याचं त्याला कारण नव्हतं. लाजलो ते आपण. १८६० साली भारतीय दंडविधान झालं. अश्लील पुस्तकाला २९२, सार्वजनिक जागी अश्लील बोलण्या-गाण्याला २९४, शांतताभंग होईल असा अपमान करण्याला ५०४, अशी कलमं आली. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि २९४ हा आकडा तीत अश्लील पुस्तकांच्या वाट्याला आला. जुन्या वकिलांची काय तारांबळ उडाली असेल!) त्याच सुमारास इंग्रजी शिकलेला मराठी माणूस लिहू लागला. आपल्या भाषेत मिसेस अमुक तमुक यांना वाचून दाखवता येणार नाही असं काही नसावं, अशी त्याला काळजी लागली. तुकोबांची गाथा १८६९ पासून सरकारी मदतीनं छापली गेली, पण दांभिकांना तुकोबांनी जे शब्द वापरले ते शाळेच्या क्रमिक पुस्तकापर्यंत पोचले नाहीत. कथा-कादंबऱ्यांतला शेतकरी, हमाल, फौजदार रागावला की पहिलं अक्षर उच्चारी आणि पुढे तीन टिंबं देई. वाचक ती टिंबं मनात भरून घेई. म्हणजे शिवी वाचकानंच दिली, लेखक नामानिराळा!

या टिंबांची मला एक गोष्ट मात्र खटकते. ती सगळी शरीराच्या शब्दांवर पडली. जातीच्या शब्दांवर एकही पडलं नाही. गावकुसाबाहेरच्या जातींची नावं आपण पिढ्यान् पिढ्या शिवी म्हणून वापरली. त्यांच्यावर म्हणी रचल्या. त्या म्हणी सभ्य लेखकांनी, व्याकरणाच्या पुस्तकांनी टिंबाशिवाय छापल्या, आणि कोणाही घरात ते पान लपवून ठेवलं गेलं नाही. ज्याला ते नाव मारून फेकलं जाई त्याला विचारण्याची पद्धत नव्हती.

म्हणून १९६३ साली बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला, १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, तेव्हा जो गहजब झाला त्याकडे या अंगानंही पाहिलं पाहिजे. ही भाषा पानावर कशी आणता, असं लोक विचारीत. पण ज्यांच्या कानांवर ती जन्मभर पडली तेच आता लेखणी धरून बसले होते, आणि त्यांना टिंबं देण्याचं काही कारण नव्हतं. त्याच १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'चा वाद कोर्टात गेला आणि निर्माते कमलाकर सारंग यांच्या बाजूनं निकाल लागला. पांढरपेशा प्रेक्षकाच्या मानानं ती लढाई मोठी होती. मला पहिली अधिक मोठी वाटते.

कायद्यालाही फरक कळायला वेळ लागला. जातीच्या नावानं चारचौघांत अपमान करणं हा गुन्हा ठरवणारा अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनानं घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये. उलट, 'कॉलेज रोमान्स' या मालिकेच्या खटल्यात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की नुसती शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे. शब्द ऐकून कान विटतील, पण तेवढ्यानं गुन्हा होत नाही. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. टिंबं आता हळूहळू जागा बदलू लागली आहेत.

माझ्या स्नेह्यांची अट मी अखेरपर्यंत पाळली, हे आपण पाहिलंच. आता एक राहिलेलं सांगून टाकतो. ज्या दगडाजवळ त्या मुलीनं मला प्रश्न विचारला, तिथे आम्ही वह्या मिटून निघत होतो, तेवढ्यात गावातली एक म्हातारी आली. हातात तांब्या आणि हळदकुंकवाचा करंडा होता. तिनं दगडावर पाणी घातलं. वरच्या चंद्रसूर्याला बोट लावलं, मग खाली वाकून त्या चित्रातल्या बाईला कुंकू लावलं. शेंदराचे जुने थर होतेच. गाढव शेंदराखाली जवळजवळ बुजून गेलं होतं. मी विचारलं, "आजी, हा कोणता देव?"

"देव न्हाई," ती म्हणाली. "आई हाय."