हेमाद्रि, दंतपातन आणि बधिर ओंठ

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत चारठाणा म्हणून जें गांव आहे, त्याची ओळख तेथील जुन्या देवळांवरून सांगितली जाते. गोकुळेश्वराचें मंदिर, तेथील बारव, उंच उभा असलेला कोरीव दगडी स्तंभ आणि ठिकठिकाणीं विखुरलेलीं भग्न शिल्पें पाहून मराठी माणसाच्या तोंडीं एकच शब्द येतो : हेमाडपंती. चुन्यावांचून दगडावर दगड बसवून उभारलेलें प्रत्येक देऊळ हेमाद्रीच्या खातीं जमा करण्याची संवय महाराष्ट्रास फार जुनी आहे. वास्तविक यांपैकीं कित्येक देवळें त्याच्या जन्मापूर्वींचीं आहेत. परंतु या संवयीचा खरा तोटा निराळाच झाला. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा हा श्रीकरणाधिप गवंड्यांचा पुढारी म्हणून लोकांच्या ध्यानांत राहिला. त्यानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन नांवाची टीका लिहिली, ही गोष्ट वैद्यमंडळाबाहेर फारशी गेली नाहीं. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें १९३९ सालीं काढलेल्या अष्टांगहृदयाच्या आवृत्तींत ही टीका आजहि वाचावयास मिळते.

ज्या सूत्रस्थानावर हेमाद्रीनें टीका लिहिली, त्यांत यंत्रांचा एक अध्याय आहे, आणि त्या यंत्रांत दांत काढण्याचेंहि एक यंत्र आहे. त्याचें नांव दंतपातन. लांबी चार अंगुळें, आणि तोंड बाणाच्या पिसाऱ्याकडील टोंकासारखें. ग्रंथकार मापें देतो, त्या अर्थीं हें काम नित्याचें असलें पाहिजे. परंतु त्याच परंपरेनें या कामास एक मर्यादाहि घातली आहे, आणि ती विलक्षण आहे. सुश्रुत सांगतो कीं, घट्ट मुळाचा वरचा दांत उपटला असतां रक्त अतिशय जातें, घोर व्याधि उत्पन्न होतात, मनुष्य एका डोळ्यानें आंधळा होतो, किंवा त्याचें तोंड अर्दितवायूनें वांकडें होतें. यास्तव वरचा दांत हलत असला तरी वैद्यानें तो काढूं नये. वाग्भटानेंहि वरच्या दांताविषयीं हाच निषेध सांगितला असून, कृश, दुर्बळ, वृद्ध आणि वातपीडित यांच्या बाबतींतहि दंतोत्पाटन वर्ज्य ठरविलें आहे.

रक्तस्रावानें वायु कोपतो ही जी उपपत्ति सुश्रुतानें दिली, ती आजचें वैद्यक मान्य करीत नाहीं. तरीहि हा निषेध केवळ तर्कानें सुचण्यासारखा नाहीं. दांत काढून घेऊन घरीं गेलेला कोणी रोगी दृष्टि गमावून परत आला असेल, त्याची तक्रार कोणीं तरी ऐकून घेतली असेल, आणि ती पुढच्या शिष्यांसाठीं नोंदली गेली असेल. वरच्या दाढेचा जंतुदोष डोळ्याच्या खोबणींत पसरूं शकतो, हें आज ठाऊक आहे. वरच्या जबड्यांत भूल दिल्यावर एका डोळ्यास कांहीं वेळ दिसेनासें झाल्याच्या थोड्या नोंदी आधुनिक वैद्यकांतहि सांपडतात. अर्दितावर जुने वैद्य नस्य, डोक्यावर तेल आणि पौष्टिक आहार सांगत. रोग्यास भ्रम झाला, असें म्हणून त्यास ते वाटेस लावीत नसत.

पुढें मराठवाडा निजामच्या राज्यांत गेला आणि १९४८ पर्यंत तेथेंच राहिला. त्या काळीं खेड्यांतील दुखरा दांत बहुधा न्हावी किंवा वैदू यांच्या हातीं लागे. राजधानींत मात्र निराळाच उद्योग चालला होता. एडवर्ड लॉरी या शल्यवैद्याच्या पुढाकारानें हैदराबादेस १८८८ व १८८९ सालीं क्लोरोफॉर्मची चौकशी करणारीं दोन मंडळें बसलीं. दुसऱ्या खेपेस निजाम सरकारच्या खर्चानें लंडनहून लॉडर ब्रंटन आले. भूल देण्याच्या शास्त्रांतील पहिल्या स्त्रियांपैकीं एक, रूपाबाई फर्दुनजी, याच हैदराबादेंत शिकल्या. क्लोरोफॉर्मनें हृदयास धोका नाहीं, श्वासावर लक्ष ठेवलें म्हणजे झालें, असा निर्णय मंडळानें दिला. अर्थात् रोगी दगावला तर दोष भूल देणाऱ्याचा ठरे. १९११ सालीं लेव्ही यानें प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं, हलक्या क्लोरोफॉर्मनेंहि हृदय एकाएकीं बंद पडतें. ज्याचें कारण समजत नाहीं त्याचें खापर कोणाच्या तरी माथीं फोडण्याची खोड विद्वानांसहि सुटत नाहीं.

दांताच्या भुलेचा मार्ग तोंवर बदलला होता. कोलर यानें १८८४ सालीं कोकेननें डोळा बधिर करून दाखविला, आणि त्याच वर्षीं न्यूयॉर्क येथें हॉल्स्टेड व हॉल यांनीं जबड्याच्या ज्ञानतंतूजवळ तें टोंचून खालचे दांत बधिर केले. या प्रयोगांपायीं हॉल्स्टेड स्वतः कोकेनच्या आहारीं गेला. १९०५ पासून नोव्होकेन आलें, आणि बधिर ओंठ ही दवाखान्यांतील रोजची गोष्ट झाली. मात्र कांहीं थोड्यांच्या बाबतींत ती बधिरता ओसरलीच नाहीं.

प्राचीनांस भय वरच्या दांताचें. आजची तक्रार बहुधा खालच्या अक्कलदाढेची. दाढेच्या मुळांशीं लगटून ओंठाचा व हनुवटीचा तंतु जातो, आणि आंतल्या बाजूनें जिभेचा. पहिला दुखावला तर ओंठ परक्याचा वाटतो. दुसरा दुखावला तर अर्ध्या जिभेची स्पर्शाबरोबर रुचिहि जाते. दाढ न काढतां नुसत्या सुईनेंहि क्वचित् असें घडतें. सुई तंतूस लागली कीं औषधच त्यास बाधलें, याचा निकाल प्रत्येक वेळीं लागत नाहीं. अशा वेळीं रोग्याचे हाल दुहेरी होतात. चेहरा पूर्ववत् दिसतो, क्ष-किरणांच्या छायाचित्रांत कांहीं आढळत नाहीं, आणि घरचीं माणसें म्हणतात, दांत तर गेला, आतां रडगाणें कशाचें?

बहुसंख्य रोग्यांची संवेदना कांहीं आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते. तंतूची वाढ फार मंद, दिवसाला सुमारें एक मिलिमीटर. तोंवर कापसाच्या बोळ्यानें बधिर भागाची सीमा पाहून ती तारखेसह वहींत काढून ठेवावी. सीमा आकुंचित होऊं लागली, मुंग्या येऊं लागल्या, तर तें शुभ चिन्ह समजावें. कांहीं महिने लोटूनहि फरक दिसला नाहीं, तर तोंडाच्या शल्यवैद्यास ती वही दाखविण्यास विलंब लावूं नये. तंतु जोडण्याची शस्त्रक्रिया निवडक रोग्यांस उपयोगीं पडते, पण ती वेळेवर व्हावी लागते. ज्यांची संवेदना परतत नाहीं, ते चहा आधीं बोटानें अजमावतात, घास दुसऱ्या बाजूनें चावतात, दाढी आरशावांचून करीत नाहींत, आणि चारचौघांत जेवतांना ओंठावर कांहीं राहिलें असेल या शंकेनें पुन्हां पुन्हां रुमाल फिरवितात.