कीर्तिमंदिराचा उंबरठा

आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाने २००९ साली खेळाचे एक कीर्तिमंदिर स्थापिले. त्यात प्रवेश मिळावयाचा तर निवृत्त होऊन पाच वर्षे लोटलेली असावीत. फलंदाजाच्या नावावर कसोटीत वा एकदिवसीय सामन्यांत ८००० धावा व २० शतके असावीत, अथवा सरासरी ५० च्या वर असावी.

हा गज इंदूरच्या कर्नल सी. के. नायडूंना लावून पाहावा. कसोट्या ७, धावा ३५०, सरासरी २५! पण भारताला पहिली कसोटी लाभली १९३२ साली. तेव्हा तिच्या या कर्णधाराने वयाची ३६ वर्षे ओलांडली होती. १९२६ साली मुंबईत एम. सी. सी. विरुद्ध ११ षटकारांसह काढलेल्या १५३ धावा कोणत्या रकान्यात मांडावयाच्या? त्यांच्या होळकर संघाने चार वेळा जिंकलेला रणजी करंडक तर हिशेबातच नाही.

नियमकर्त्यांनी एक खिडकी मात्र उघडी ठेविली आहे : खेळाच्या इतिहासावर मूलगामी ठसा उमटविणाराही पात्र ठरतो. २०२१ साली पाच कालखंडांतून दोन-दोन खेळाडू मतदानाने निवडले गेले. युद्धोत्तर काळातून आपले विनू मांकड आले. दोन महायुद्धांमधल्या काळातून मॅकॅब आणि कॉन्स्टंटाइन. कॉन्स्टंटाइनच्या कसोटी धावा अवघ्या ६३५, बळी ५८; त्यांना आकड्यांपलीकडे पाहूनच घेतले, आणि ते योग्यच झाले. मग त्याच काळातले नायडू त्या दहांत का नसावेत? मतदारांपैकी कोणीही त्यांचा ऐन भरातला खेळ पाहिलेला नव्हता, हे खरे. ज्यांनी पाहिला, त्या विस्डेनने १९३२ चा एक उन्हाळा सरताच, १९३३ च्या अंकात, वर्षातील पाच क्रिकेटपटूंत त्यांचे नाव घातले होते.