झडपेचा फुसकारा

कुकरची शिट्टी वाजली की घरात कोणी दचकत नाही. उलट ती मोजली जाते. साठलेल्या दाबाला ठरावीक मर्यादेनंतर आपोआप वाट करून देणारी झडप हे साधेसे साधन तीनशेहून अधिक वर्षे जुने आहे. फ्रेंच वैज्ञानिक डेनिस पापिन याने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडेही मऊ करणारे बंद भांडे सादर केले. भांडे फुटू नये म्हणून त्याने तरफेवर वजन टांगलेली झडप बसवण्याची युक्ती काढली. आज तिची एक धाकटी बहीण टर्बोचार्जर असलेल्या मोटारीत बसलेली आढळते. इंग्रजीत तिला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह म्हणतात. आपण तिला सुटका-झडप म्हणू. तरुण वाहनप्रेमी ती बाजारातून विकत आणून हौसेने बसवतात. ही झडप मोटारीत का आली आणि तिची हौस कशी निर्माण झाली, हे या लेखात पाहू.

प्रथम झडपेच्या आवाजाविषयी. वाफेच्या इंजिनांच्या काळात हा आवाज अनेकांना नकोसा वाटे. वाफ बाहेर जाणे म्हणजे शक्ती वाया जाणे, या समजुतीने झडपेवर जादा वजन ठेवले जाई. ब्रिटिश संसदेच्या एका समितीने १८१७ मध्ये शिफारस केली, की आगबोटीच्या बाष्पकाला दोन झडपा असाव्यात आणि त्यांपैकी एक इंजिन चालवणाऱ्याच्या हाताबाहेर असावी. तरीही जून १८३१ मध्ये अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायनात ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या आगगाडीच्या इंजिनाचा स्फोट झाला. झडपेच्या फुसकाऱ्याला कंटाळून फायरमनने ती दाबून बंद केली होती, असे सांगितले जाते. त्यात त्याचा जीव गेला. पुढे त्या रेल्वेने इंजिन आणि प्रवासी डबे यांच्यामध्ये कापसाच्या गठ्ठ्यांचा डबा जोडला.

आता टर्बोचार्जरकडे वळू. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग निघून जातो. या वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावी, ही कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली आणि १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. सिलिंडरमध्ये जास्त हवा गेली की जास्त इंधन जाळता येते. म्हणजे इंजिन तेवढेच, पण शक्ती अधिक. १९२० च्या दशकात ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती या पद्धतीने १७५० वरून २५०० अश्वशक्तीपर्यंत वाढली.

अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये विमानाचे लिबर्टी इंजिन सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या पर्वतावर नेले. जमिनीलगत सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन तेथील विरळ हवेत २३० वर आले. टर्बोचार्जर जोडल्यावर मात्र ते ३५६ पर्यंत पोहोचले. हवा हाही इंजिनाचा आहारच आहे, हे वर्गात पटवून द्यायला याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

या सर्व काळात सुटका-झडपेची गरज फारशी भासली नाही. त्याची कारणे पाहण्याजोगी आहेत. डिझेल इंजिनाची शक्ती मुख्यतः इंधन कमी-जास्त करून बदलतात. हवेच्या मार्गात अडसर घालावा लागत नाही. पेट्रोल इंजिनात मात्र हवेच्या मार्गात थ्रॉटल नावाची पाकळी असते. चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ती मिटते. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर या टर्बोचार्जर लावलेल्या गाड्या विक्रीस आल्या. त्यांत कार्ब्युरेटर आणि त्याचे थ्रॉटल टर्बोच्या अलीकडे होते. ते मिटले की टर्बोला मिळणारी हवाच कमी होई. त्यामुळे दाबलेली हवा कोंडण्याचा प्रश्नही फारसा येत नसे.

पुढे इंधन फवारणारी यंत्रणा आली. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो, १९७८ च्या सुमारास रस्त्यावर आलेली साब ९९ टर्बो अशा गाड्यांत थ्रॉटल टर्बोच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला आले. नंतर दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही मधल्या नळीत बसला आणि कोंडणाऱ्या हवेचे आकारमान वाढले. एक सोय झाली आणि तिच्याबरोबर नवी अडचण आली.

अडचण अशी. टर्बोचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेऊ शकते. चालकाने एकाएकी पाय काढला, तरी ते क्षणात थांबत नाही. पुढे दार बंद आणि मागून हवा येतच आहे, अशी स्थिती होते. नळीतला दाब वाढतो, प्रवाह मंदावतो, आणि चक्राच्या पात्यांवरून हवा सुटून उलटी मागे फिरते. दाब उतरला की पुन्हा पुढे जाते, पुन्हा मागे येते. या धक्क्यांनी चक्राचा वेग मोडतो आणि त्याच्या बेअरिंगवर ताण पडतो. चालकाने पुन्हा वेग मागितला की मंदावलेल्या चक्राला गती घ्यायला वेळ लागतो.

यावरचा उपाय मोठा सुबक आहे. टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामधल्या नळीला एक फाटा काढून त्यावर झडप बसवतात. झडपेच्या वरच्या कप्प्यात स्प्रिंग असते, आणि तो कप्पा एका बारीक नळीने थ्रॉटलच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला जोडलेला असतो. थ्रॉटल उघडे असताना झडपेच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखाच दाब असतो, म्हणून स्प्रिंग तिला मिटून ठेवते. थ्रॉटल मिटले की पलीकडचे इंजिन उरलेली हवा ओढून घेते आणि तेथे दाब वातावरणापेक्षा कमी होतो. खालून दाब, वरून ओढ, झडप उघडते. कोणतीही वीज नाही, मेंदू नाही. दाबातील फरकच निर्णय घेतो. एक खुलासा करायला हवा: टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणारी वेस्टगेट ही झडप निराळी. ती निकास वायूंच्या बाजूला असते.

सुटलेल्या हवेने जायचे कोठे? बहुतेक कारखाने ती पुन्हा टर्बोच्या तोंडाशी आणून सोडतात. आवाज फारसा येत नाही. बाजारात मिळणाऱ्या अनेक झडपा ती बाहेर सोडतात आणि मोठा फुसकारा येतो. पुष्कळांना हवा असतो तो हाच. पण ज्या गाडीत आत येणारी हवा टर्बोच्या अलीकडेच मोजली जाते, तेथे हिशेब चुकतो. मोजलेली हवा बाहेर निसटली, तरी इंधन तिच्यासाठीही फवारले जाते. मिश्रणात क्षणभर इंधन जास्त होते, इंजिन अडखळू शकते आणि अर्धवट जळलेले इंधन धुराड्यातून जाते. ज्या गाडीत हवा मोजण्याऐवजी इंजिनाजवळचा दाब मोजतात, तेथे हा दोष बराच कमी असतो. स्प्रिंग फार कडक असेल तर झडप वेळेवर उघडत नाही. फार सैल असेल तर इंजिन मंद चालू असतानाही उघडी राहू शकते. म्हणून झडप बसवण्यापूर्वी आपली गाडी हवा कोठे आणि कशी मोजते, हे पाहायला हवे.

महाराष्ट्रातही हा विषय आता परका नाही. चाकणच्या कारखान्यात बनलेली फोक्सवॅगन पोलोची टर्बो पेट्रोल आवृत्ती २०१३ मध्ये बाजारात आली, आणि त्यानंतर अशी इंजिने आपल्याकडे रुळली. बारावीच्या वर्गातील एखाद्या मुलाने झडप बसवण्याचा विषय काढला, तर त्याला गप्प बसवू नये. त्याच्याकडून फळ्यावर नळी, थ्रॉटल आणि झडप काढून घ्यावी, आणि प्रत्येक ठिकाणी दाब किती असेल ते विचारावे.

१८३१ मध्ये एका माणसाने आवाज नको म्हणून झडप बंद केली. आज अनेक जण आवाज हवा म्हणून झडप बसवतात. दोन्ही वेळा कानाने निर्णय घेतला, आणि झडप कशासाठी आहे हा प्रश्न बाजूला राहिला. तो प्रश्न आधी विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली, तर मोटारीखेरीज इतर अनेक ठिकाणीही ती उपयोगी पडेल.