ग्रॅहम, बिली : सार्वजनिक वाद

बिली ग्रॅहम (७ नोव्हेंबर १९१८–२१ फेब्रुवारी २०१८) हे अमेरिकेतील बॅप्टिस्ट सुवार्तिक. पैसा आणि परस्त्रीसहवास यांबाबत त्यांनी व सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये मोडेस्टो (कॅलिफोर्निया) येथे स्वतःवर कडक बंधने घालून घेतली. त्यांच्याभोवतीचे सर्वांत गंभीर वाद उद्भवले ते राज्यकर्त्यांशी असलेल्या जवळिकीतून.

पहिला धडा १९५० मध्येच मिळाला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या भेटीत झालेले बोलणे त्यांनी बाहेर येताच पत्रकारांना सांगितले आणि छायाचित्रकारांसाठी हिरवळीवर गुडघे टेकून प्रार्थनाही केली. ट्रूमन संतापले. १९५७ च्या न्यूयॉर्कमधील सभांसाठी उदारमतवादी चर्चचे साहाय्य घेतल्याने बॉब जोन्स यांच्यासारखे मूलतत्त्ववादी दुरावले. वर्णभेदाविरुद्ध ग्रॅहम यांनी पन्नाशीच्या दशकातच पाऊल उचलले होते आणि न्यूयॉर्कच्या सभेत मार्टिन ल्यूथर किंग यांना प्रार्थनेसाठी बोलावले होते. तरी रस्त्यावरच्या आंदोलनाबाबत ते कचरत राहिले, ही टीका रास्तच आहे.

सर्वांत क्लेशदायक प्रकरण राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितीचे. १ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात झालेल्या संभाषणात ग्रॅहम यांनी प्रसारमाध्यमांवर ज्यूंची पकड असल्याचे सांगून ती मोडायला हवी, असे म्हटले. आपल्याला खरोखर काय वाटते हे ज्यू मित्रांना ठाऊक नाही, असेही ते बोलले. निक्सन यांचे सहायक हॉल्डमन यांच्या १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दैनंदिनीत या भेटीचा उल्लेख आला, तेव्हा ग्रॅहम यांनी असे काही बोलल्याचे नाकारले. २००२ मध्ये फीत खुली झाल्यावर मात्र त्यांनी माफी मागितली आणि ज्यू नेत्यांची भेट घेतली. इस्राएलचे जाहीर समर्थन करणाऱ्या उपदेशकाने सत्ताधाऱ्यासमोर खासगीत असे बोलावे, याचा धक्का मोठा होता. माफीने तो पूर्णपणे ओसरला नाही.

१९७७ मध्ये त्यांच्याशी संलग्न निधीत सुमारे २.३ कोटी डॉलर असून त्याची जाहीर वाच्यता झालेली नाही, असे ‘शार्लट ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्राने उघड केले. १९८२ मध्ये मॉस्कोतील शांतता परिषदेला गेले असता आपल्याला धार्मिक छळ दिसला नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. त्याच वेळी छळाला कंटाळलेली सायबेरियातील पेंटेकोस्टल कुटुंबे तेथील अमेरिकन वकिलातीत आश्रयाला होती, त्यामुळे मायदेशी त्यांच्यावर झोड उठली. १९८४ मध्ये सोव्हिएत सरकारने त्यांना चार शहरांत प्रवचने करू दिली.